रोहान आणि गोंडोर एकाच डेकमध्ये: माझा अनुभव

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द कार्ड गेम' हा 2011 सालचा, सगळ्यांनी एका बाजूने खेळायचा खेळ. डेक, म्हणजे आपला पत्त्यांचा संच, किमान 50 पत्त्यांचा, एका नावाचे फार तर तीन पत्ते, आणि जास्तीत जास्त तीन हिरो, म्हणजे सुरुवातीपासून टेबलावर असणारी मुख्य पात्रं. रोहान आणि गोंडोर ही टोल्किनच्या कथेतली दोन राज्यं. रोहानचा डेक मी खूप खेळलोय, गोंडोरचाही. दोघांना एकत्र आणायचं ठरवलं तेव्हा पहिली अडचण आली ती ट्रेटची, म्हणजे पत्त्यावर छापलेल्या गटाच्या नावाची. हिरो बोरोमीरकडे एक तरी रिसोर्स (पत्ते खेळायला लागणारे पैसे) शिल्लक असेल तर गोंडोरच्या अ‍ॅलींचा, म्हणजे सोबतच्या दुय्यम पात्रांचा, अटॅक वाढतो. रोहानच्या अ‍ॅलींना त्याचा काडीचा उपयोग नाही. शिवाय मला रिसोर्स साठवायचे नव्हते, उडवायचे होते.

मग ट्रेट बाजूला ठेवले आणि पत्ते नेमकं काय करतात ते वाचत बसलो. रोहानचे बरेचसे अ‍ॅली टेबलावर राहायला आलेलेच नसतात. 'एस्कॉर्ट फ्रॉम एडोरास' दोन रिसोर्सला येतो, क्वेस्टवर (मोहिमेवर) चार विलपॉवर, म्हणजे मोहीम पुढे सरकवणारी ताकद, देतो आणि क्वेस्टचा निकाल लागला की डिस्कार्ड होतो, म्हणजे टाकला जातो. 'वेस्टफोल्ड हॉर्स-ब्रेकर' स्वतः डिस्कार्ड होऊन एका वापरून झालेल्या हिरोला पुन्हा उभा, म्हणजे रेडी करतो. आणि गोंडोरचा प्रिन्स इमराहिल? कोणतंही पात्र खेळातून बाहेर गेलं की तो रेडी होतो, फेरीत एकदा. रोहानच्या टॅक्टिक्स स्फिअरमधल्या (पत्ते टॅक्टिक्स, स्पिरिट, लीडरशिप अशा स्फिअरमध्ये विभागलेले असतात) एओमेरला त्याच कारणावरून दोन अटॅक जास्त मिळतात, तेही फेरीत एकदाच. एकाच एक्झिटवर दोन्ही गटांचे हिरो जागे होतात. डेकचा सांधा इथे सापडला.

तिसरी हिरो स्पिरिटमधली एओविन. स्पिरिटचा थेओडेनही डोक्यात होता, कारण तो फेरीतला पहिला रोहान अ‍ॅली एका रिसोर्सने स्वस्त करतो. पण त्याचा थ्रेट, म्हणजे शत्रूचं लक्ष ओढणारा आकडा, जड. इमराहिल 11, एओमेर 10 आणि एओविन 9 धरून सुरुवातच 30 वर होत होती, त्यात आणखी भर नको होती.

त्या 30 ची किंमत मूळ सेटमधल्या अँडुइन नदीच्या क्वेस्टमध्ये लगेच कळते. तिथल्या हिल ट्रोलचा एंगेजमेंट आकडा, म्हणजे ज्या थ्रेटला तो येऊन भिडतो तो आकडा, 30 आहे, म्हणजे स्वारी पहिल्याच फेरीत अंगावर येते. अटॅक 6, डिफेन्स 3, हिट पॉइंट 9. इमराहिल आणि एओमेर दोघांचाही डिफेन्स 2 आणि हिट पॉइंट 4, म्हणजे जो अडवायला जाईल तो बरोबर मरतो. त्यात तीन हिरोंचे स्फिअर तीन, आणि हिरोचा रिसोर्स त्याच्याच स्फिअरच्या पत्त्यांना चालतो, त्यामुळे पहिल्या फेरीत प्रत्येक स्फिअरचा एकेकच रिसोर्स. दोन रिसोर्सचा अ‍ॅली हातात नुसता बसून राहतो. माझ्या पहिल्या यादीत असेच पत्ते जास्त होते, ते बरेच काढले.

उत्तर 'स्नोबोर्न स्काउट'मध्ये मिळालं. तो रोहानचा, पण स्फिअर लीडरशिप आणि किंमत एक, म्हणजे त्याचे पैसे लीडरशिपचाच असलेला गोंडोरचा राजपुत्र इमराहिल भरतो! पहिल्या फेरीत एओविन आणि इमराहिल क्वेस्टवर जातात, स्काउट ट्रोलला अडवून मरतो. तो गेला की इमराहिल रेडी, एओमेरचा अटॅक 3 वरून 5. दोघे मिळून 8, त्यातून डिफेन्स वजा केला की 5 डॅमेज. पुढच्या फेरीत अडवायला आणखी एक बिचारा मिळाला आणि शॅडो कार्डने (शत्रूच्या हल्ल्याला जोडल्या जाणाऱ्या छुप्या पत्त्याने) घोळ घातला नाही, तर ट्रोल तिथेच संपतो. टॅक्टिक्सचं 'फेंट' मी ठेवलंय, पण नाइलाजाचं म्हणून. ट्रोलचा हल्लाच थांबवला तर कुणी मरत नाही, आणि एओमेरचा अटॅक वाढत नाही.

सगळ्यात जास्त खल झाला तो 'स्टुअर्ड ऑफ गोंडोर' या हिरोला जोडायच्या पत्त्यावर. सवयीने तो इमराहिलला लावावासा वाटतो. मी तो एओविनला लावतो. पैसे इमराहिलचे, पण दर फेरीचे दोन जादा रिसोर्स स्पिरिटमध्ये पडतात आणि जवळपास प्रत्येक फेरीत एस्कॉर्ट परवडतो. वर त्या पत्त्यामुळे एओविनला गोंडोर ट्रेट मिळतो. मग 'स्क्वायर ऑफ द सिटाडेल' खेळातून गेल्यावर गोंडोरच्या हिरोला जो रिसोर्स देतो, तो तिलाही देता येतो. एओविन, इमराहिल आणि एस्कॉर्ट या तिघांचं विलपॉवर 10 होतं. स्टुअर्ड युनिक (टेबलावर एकच प्रत चालणारा) असल्याने दुसरी प्रत हातात आली तर तीच एओविनसाठी टाकायची, हातातला पत्ता टाकला की तिची विलपॉवर एकाने वाढते.

हात मात्र फार लवकर रिकामा होतो. अ‍ॅली बाहेर गेल्यावर दोन पत्ते देणारं 'व्हॅलियंट सॅक्रिफाइस' म्हणून पूर्ण तीन. त्यासाठी 'स्नीक अटॅक'ची एक प्रत काढावी लागली, जिवावर आलं होतं.

दोघांत खेळताना हा डेक आणखी सुखाचा होतो. इमराहिल आणि एओमेर कुणाचं पात्र गेलं ते बघत नाहीत, त्यामुळे जोडीदाराचा अ‍ॅली मेला तरी चालतं. फक्त तो आधी मारून घे, असं जोडीदाराला सांगायला जरा धीर लागतो.