वाचनालयातील सह्याद्री वाहिनी आणि प्रेक्षकांचे पत्र

देवगड तालुक्यातील आमच्या गावात चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी येतात, घरोघरी आरत्या आणि भजने सुरू होतात. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे ज्यांना वाडीभर फिरणे जमत नाही, अशी वडीलधारी मंडळी मात्र दुपारी वाचनालयात येऊन बसतात. त्यांना सणाच्या दिवसांत सह्याद्री वाहिनीवरचे अभंग, कीर्तने आणि गणेशोत्सवाचे विशेष कार्यक्रम पाहता यावेत, अशी मागणी २०२५ च्या मे महिन्यातील सभेत आली आणि चिटणीस म्हणून ते काम माझ्याकडे आले. दूरचित्रवाणी संच एका चाकरमान्याने आधीच भेट दिला होता. प्रश्न होता तो प्रक्षेपण मिळवण्याचा, आणि पुढे जाऊन प्रेक्षक म्हणून आपले म्हणणे वाहिनीपर्यंत पोहोचवण्याचा. दोन्ही गोष्टी कशा पार पडल्या ते इतर वाचनालयांच्या उपयोगासाठी लिहीत आहे.

पूर्वी आमच्याकडे माडापेक्षा उंच खांबावर अँटेना लावून दूरदर्शन दिसत असे. दूरदर्शनची जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे देशभर टप्प्याटप्प्याने बंद झाली, तेव्हापासून तो खांब निरुपयोगी झाला. केबल आमच्या वाडीपर्यंत आलेली नाही, आणि दरमहा रिचार्ज भरणे वाचनालयाच्या वर्गणीत बसत नाही. त्यामुळे डीडी फ्री डिश, म्हणजे छत्रीने थेट उपग्रहावरून वाहिन्या घेण्याची मोफत सेवा, हाच मार्ग उरला. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला मासिक शुल्क नाही, कारण तिच्यावर जागा मिळवू इच्छिणाऱ्या खासगी वाहिन्या लिलावात बोली लावतात आणि त्यातून प्रसार भारतीला उत्पन्न मिळते. खर्च येतो तो छत्री (डिश अँटेना), एलएनबी (छत्रीपुढे बसणारा, लहरी पकडणारा भाग), वायर आणि सेट टॉप बॉक्सचा, तोही एकदाच. बॉक्स घेताना तो एमपेग-४ चा (चित्र आटोपशीर करून पाठवण्याच्या नव्या पद्धतीचा) आहे याची खात्री करून घ्यावी. एमपेग-२ च्या जुन्या बॉक्सवर काही वाहिन्याच लागत नाहीत, आणि दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात.

छत्री बसवण्याचे काम मी जवळ उभी राहून पाहिले, कारण पुढे कधी ती हलली तर आम्हालाच सावरायची होती. फ्री डिशचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते आणि तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आमच्या किनाऱ्यावरून पाहिले तर तो आग्नेयेला, म्हणजे पूर्वेपासून दक्षिणेकडे सुमारे ३८ अंश वळून, आणि क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश उंच असतो. कोकणाच्या दृष्टीने ही उंची सोयीची आहे, कारण माड थोडे दूर असले तर आड येत नाहीत. मात्र छत्रीकडे पाहून या उंचीचा अंदाज येत नाही. तिचा एलएनबी मधोमध नसून खालच्या कडेकडून पुढे आलेला असतो, त्यामुळे छत्री जेवढी वर पाहताना दिसते त्यापेक्षा बऱ्याच वरून किरण येऊन तिच्यावर पडतात. हे माहीत नसलेला माणूस तिला सरळ आभाळाकडे उताणी करतो आणि मग काहीच लागत नाही.

बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, एक स्ट्रेंथची आणि दुसरी क्वालिटीची. स्ट्रेंथची पट्टी वायर जोडताच भरते आणि ती भरली म्हणजे काम झाले, असे पाहणाऱ्याला वाटते. खरे तर ती एवढेच सांगते की एलएनबीला वीज पोहोचते आहे आणि काही तरी लहरी येत आहेत. योग्य उपग्रह सापडला की नाही ते क्वालिटीची पट्टी सांगते. आमचा वायरमन कौलांवरून छत्री बोटभर सरकवायचा आणि थांबायचा, कारण पट्टी वर यायला क्षणभर वेळ लागतो. सहायक खिडकीतून पट्टी पाहत होता. दिशा जुळली, उंची जुळली, तरी पट्टी अर्ध्यावरच अडली होती. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडासा फिरवला, तेव्हा ती एकदम वर गेली आणि खालून आवाज आला, "क्वालिटी इली, आता हालवू नको!" त्याच जागी नट आवळले आणि खांबावर रंगाने खूण करून ठेवली.

खाऱ्या वाऱ्यामुळे आमच्याकडे लोखंड टिकत नाही. म्हणून नटबोल्ट स्टीलचे लावले, त्यांना ग्रीस भरले आणि वायरची पिन जिथे एलएनबीला लागते तिथे रबरी टेप घट्ट गुंडाळला, कारण पाणी शिरते ते नेमके तिथूनच. वायर खाली आणताना भिंतीत शिरण्यापूर्वी तिला एक झोळ दिला, म्हणजे पागोळ्यांचे पाणी वायरीवरून आत न येता झोळातून खाली गळते. मुसळधार पावसात चित्र जाते, त्याला मात्र इलाज नाही. या लहरींची वारंवारता इतकी जास्त असते की दाट पाऊस त्यांना शोषून घेतो. अशा वेळी कोणी छत्रीला हात लावू नये, सर ओसरली की चित्र आपोआप येते. आम्ही ही सूचना संचाखाली लिहूनच ठेवली.

२७ ऑगस्टला चतुर्थी झाली. त्यानंतरचे दिवस वाचनालयाची खोली भरलेली असे. माजघरात एकट्या बसणाऱ्या काकी पुढच्या खुर्चीवर येऊन अभंगांना ताल धरत होत्या, आणि मुंबईला परतलेल्या मुलांना फोनवर कार्यक्रमाचे नाव सांगत होत्या. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज हे ॲप सुरू केल्यापासून मुले तिकडे मोबाइलवर दूरदर्शनच्या वाहिन्या पाहू शकतात. आमच्या वाडीत मोबाइलला रेंज कमी असल्याने इथे छत्रीच हवी. सार्वजनिक वाहिनी कोणासाठी असते, हे मला त्या खोलीत स्पष्ट दिसले.

याच सुमारास अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाचीशी बोलणे झाले. तिथे पीबीएस ही सार्वजनिक दूरचित्रवाणी १९७० पासून चालू आहे, आणि तिची स्थानिक केंद्रे डिसेंबरच्या सणासुदीत संगीताचे खास कार्यक्रम दाखवून मधल्या वेळात प्रेक्षकांना वर्गणीचे आवाहन करतात. भाची दरवर्षी वर्गणी भरते. जुलै २०२५ मध्ये तिथल्या संसदेने सार्वजनिक प्रसारणासाठी आधी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले, तेव्हा तिने नेहमीपेक्षा जास्त रक्कम पाठवली. ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी परवाना शुल्क आहे. आपल्याकडेही पूर्वी रेडिओ आणि दूरचित्रवाणी संचाचा परवाना टपाल कार्यालयात शुल्क भरून घ्यावा लागे, तो १९८० च्या दशकात रद्द झाला. आज आपण वाहिनीला थेट काहीच देत नाही आणि ती मोफत आहे हे फार चांगले आहे. पण त्याचा एक परिणाम मला काळजीचा वाटतो. आमच्या संचाचे बिल कुठे निघत नाही, आणि छत्री फक्त घेते, उलट काही पाठवत नाही. प्रेक्षकसंख्या मोजणारी बार्क ही संस्था निवडक घरांत मीटर लावून अंदाज काढते, आणि आमच्या वाचनालयात तसा मीटर नाही. म्हणजे खोलीभर माणसे तल्लीन होऊन कार्यक्रम पाहतात, पण त्याची नोंद कुठेच होत नाही. वर्गणी देण्याची सोय नसेल तर आपण पाहतो हे लेखी कळवणे, हाच आपला पाठिंबा आहे असे मी सभेत मांडले आणि ते सर्वांना पटले.

आम्ही एक नोंदवही ठेवली होती. तारीख, वेळ, कार्यक्रम, किती जण बसले होते आणि कोणी काय म्हटले, एवढेच त्यात लिहिले जाई. पत्र तयार करताना तिचा फार उपयोग झाला, कारण "कार्यक्रम छान असतात" अशा वाक्यावर कोणी काय करणार? पत्र कुठे पाठवावे याचा शोध घेतला, तेव्हा केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार संकेतस्थळाविषयी एक बाब समजली. प्रक्षेपणातील बिघाडासारखी तक्रार तिथे नोंदवता येते आणि नोंदणी क्रमांकही मिळतो, पण निव्वळ सूचना तिथे विचारात घेतल्या जात नाहीत. आमच्या पत्रात तक्रार नव्हती. म्हणून ते वरळीच्या मुंबई दूरदर्शन केंद्राच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवले आणि पोहोचल्याची नोंद छापून नोंदवहीत चिकटवली.

पत्रात आवडलेल्या कार्यक्रमांची यादी तारखांसह दिली. दुसरी गोष्ट वेळेची होती. चतुर्थीच्या दिवसांत संध्याकाळी घरोघर आरत्या चालतात आणि त्या वेळी कोकणात संचासमोर कोणी नसते, म्हणून भजनाचे कार्यक्रम दुपारी पुन्हा दाखवावेत, अशी विनंती केली. तिसरी मागणी आमच्या तात्यांनी सांगितली तशीच उतरवून घेतली: "आमचो दशावतार दाखवा म्हणान लिव्हा." ती लिहिताना मात्र सर्वांत जास्त विचार करावा लागला. दशावतार या आमच्या लोकनाट्याचा खेळ रात्रभर चालतो आणि पहाटे संपतो, तो एवढा वेळ दाखवणे कोणत्याही वाहिनीला जमणार नाही. पण आख्यानाआधीच्या आडदशावतारात गणपतीचा प्रवेश होतो, रिद्धी-सिद्धी येतात, मग संकासुर येतो. गणेशोत्सवासाठी याहून योग्य दुसरे काय असेल? तेवढाच भाग घेतला तरी स्वतंत्र कार्यक्रम होतो, असे आम्ही कळवले.

दिवाळीनंतर पाठवलेल्या दुसऱ्या पत्राला एक कागद जोडला. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि दशावताराच्या मंडळ्या तेव्हाच फिरतीवर असतात. गणेशोत्सवात दाखवायचे असेल तर चित्रीकरण याच हंगामात व्हायला हवे. म्हणून आसपासच्या जत्रांची तिथी आणि तारीख, देवळात वीजजोडणी कशी आहे, आवारापर्यंत मोठी गाडी जाते की नाही आणि पालखी साधारण किती वाजता बाहेर पडते, ही सारी माहिती त्या कागदावर दिली आहे. खाली वाचनालयाचा शिक्का आणि पाहणाऱ्या सर्वांच्या सह्या आहेत. ज्यांना सही करता येत नाही त्यांचे अंगठे आहेत.