तोंड वाकडं झालेलं सगळ्यांना दिसतं, कानामागचा ठणका कोणाला दिसत नाही

बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडण्याचा आजार, झालेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण तोंड कधी सरळ होणार एवढंच विचारतो. दुखतंय का असं विचारणारं माणूस मला जवळपास भेटलंच नाही. आणि खरं सांगते, सुरुवातीचे काही आठवडे मला आरशातल्या चेहऱ्यापेक्षा त्या दुखण्यानेच जास्त हैराण केलं होतं. नेटवर शोधलं तर सगळीकडे "वेदनारहित आजार", "आपोआप बरा होतो" असलंच वाचायला मिळायचं, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

मी सातारा जिल्ह्यात पहिलीच्या वर्गाला शिकवते. थंडीचे दिवस होते, डाव्या कानाच्या मागे जे हाड हाताला लागतं ना तिथे आधी ठणका सुरू झाला, मान वळवली की जास्त, उशीवर त्या कुशीला डोकं टेकवता येईना. मग एका सकाळी हजेरी घेताना पवार, पाटील या नावांना ओठ मिटेचनात. प म्हणायला गेलं की डावीकडून हवा निसटायची, ब आणि म चंही तेच, आणि पोरं एकदम गप्प होऊन माझ्याकडे बघायला लागली. मुख्याध्यापकांनी बघितलं आणि लगेच गाडी काढायला सांगितली, त्यांना वाटलं अटॅक आला.

घरी सासूबाई म्हणाल्या, "अगं पहाटेचं स्कूटीवर वारं लागलं तुला, वारं गेलं तोंडावरनं." आपल्याकडे सगळे असंच म्हणतात. डॉक्टरांनी मात्र पहिल्यांदा मला भुवया वर करायला लावल्या. डावीकडच्या कपाळाला आठीच पडली नाही. ते म्हणाले मेंदूतला झटका असेल तर बहुतेक वेळा कपाळ हलतं आणि फक्त खालचा चेहरा जातो, इथे कपाळ, डोळा, गाल, ओठ सगळी बाजूच गेलीय, म्हणजे मेंदूतून बाहेर पडल्यावर पुढे चेहऱ्याची नस अडकलीय. हातपाय, बोलणं, तोल हेही तपासलं. हे घरी बसून ठरवायचं काम नाही हं, तोंड वाकडं झालं की पहिलं डॉक्टर गाठायचा, कारण झटका असेल तर एकेक मिनिट मोलाचं असतं.

ही सातवी नस, मेंदूतून निघून कानाच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून चेहऱ्यावर येते. तिला सूज आली की हाडाला काही ताणता येत नाही, घट्ट बांगडीत हात सुजला की कसं होतं तसं नस स्वतःच्याच सुजेने आवळली जाते. सूज का येते ते पक्कं ठरलेलं नाही, बऱ्याच जणांत अंगात झोपून राहिलेला नागिणीच्या नात्यातला हर्पिसचा विषाणू जागा होत असावा असं मानतात. मधुमेह असेल तर आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हे जास्त दिसतं. चार्ल्स बेल नावाच्या स्कॉटिश सर्जनने १८२१ साली या नसेचं काम मांडलं म्हणून त्याचं नाव. आयुष्यात साधारण ६० माणसांत एकाला हे होतं, म्हणजे आपल्या ओळखीत कोणाला तरी झालेलं असणारच, लोक बोलत नाहीत इतकंच.

औषध म्हणजे मुख्य स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि त्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. स्टेरॉइड म्हटल्यावर घरात सगळे घाबरले, आमचे हे तर गोळ्यांचं पाकीट हातात धरून बसले होते, देऊ का नको. त्यावर डॉक्टरांनी स्कॉटलंडमधला २००७ चा मोठा अभ्यास समजावून सांगितला. प्रेडनिसोलोन, म्हणजे हीच स्टेरॉइडची गोळी, घेतलेल्यांपैकी तीन महिन्यांत ८३ टक्के लोकांचा चेहरा पूर्ण बरा झाला होता, न घेतलेल्यांत जवळपास ६४ टक्के, आणि नऊ महिन्यांनी ९४ आणि ८२. हा फरक थोडा नाही. नुसत्या विषाणूविरोधी गोळीने त्यात फायदा दिसला नव्हता. शुगर तपासून, जेवणानंतर, सांगितल्या प्रमाणात आणि सांगितल्याप्रमाणेच कमी करत बंद करायच्या. मधुमेह असणाऱ्यांनी तर या दिवसांत शुगरवर लक्ष ठेवायलाच हवं कारण ती चढते.

आता दुखण्याचं. कानामागचा तो ठणका बऱ्याच पेशंटना असतो आणि बहुतेकांचा एक-दोन आठवड्यांत ओसरतो. मला पॅरासिटामॉल दिलं होतं, ठरलेल्या वेळी घ्या, असह्य व्हायची वाट बघू नका असं सांगून, आणि त्याने खरंच फरक पडला कारण रात्रीची झोप लागायला लागली. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ब्रुफेनसारखी गोळी आणू नका हे बजावून सांगितलं होतं, स्टेरॉइडबरोबर ती घेतली की पोटात अल्सर, रक्तस्राव असलं काही होऊ शकतं. बाकी कोमट पाण्यात भिजवून पिळलेला मऊ पंचा कानामागे आणि मानेवर धरायचा. कोमटच, कारण डोळा नीट मिटत नसताना चेहऱ्याजवळ गरम वाफ नको. ठणका वाढत गेला, कानात किंवा तोंडात पाण्याचे फोड आले, चक्कर यायला लागली, तर ते साधं बेल्स पाल्सी नसून नागिणीच्या विषाणूचं रॅमसे हंट असू शकतं, त्यात दुखणं फार जास्त असतं आणि औषधही वेगळं आणि लवकर लागतं. माझा कान डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितला होता तो त्यासाठीच.

दुखण्याचा दुसरा प्रकार आवाजाचा. शाळेची घंटा झाली की डाव्या कानातून कळ जायची. घरी स्टीलचं ताट ओट्यावर ठेवलं तरी मी दचकायचे आणि लेकीला वाटायचं आई उगाच चिडते. कानात एक अगदी बारीक स्नायू असतो जो मोठा आवाज आला की तो दाबून धरतो, तो याच नसेवर चालतो, नस गेली की आवाज थेट आदळतो. हे कळल्यावर घरातल्यांनी भांडी हळू ठेवायला सुरुवात केली, टीव्हीचा आवाज कमी झाला, आणि मला कोणी चिडकी म्हणेना. कारण माहीत असलं की घरातली माणसं किती बदलतात! जिभेच्या पुढच्या भागाची चवही गेली होती, आमटीत मीठ आहे की नाही ते कळायचं नाही, ती आपोआप परत आली.

पण सगळ्यात जपायचा तो डोळा. तोंड वाकडं राहिलं तर माणूस जगतो, बुबुळाला जखम झाली तर नजर जाऊ शकते. माझा डोळा मिटायला गेले की पापणी अर्ध्यातच थांबायची आणि बुबुळ वर सरकून पांढरं दिसायचं, खालून मात्र सारखं पाणी. पाणी येतंय म्हणजे डोळा ओला आहे असं नसतं, उलट तो कोरडा पडून चुरचुरत असतो. दिवसा दर तासा-दोन तासांनी डोळ्यात लुब्रिकंट ड्रॉप्स, रात्री जाडसर जेल आणि वर टेप. टेप लावायची पद्धत नर्सताईंनी हाताला धरून शिकवली. आधी जेल घालायचं, खाली बघायचं, मग बोटाच्या पाठीने वरची पापणी हळूच खाली आणून मिटवायची, पूर्ण मिटलीय याची आरशात किंवा घरच्या माणसाकडून खात्री करायची, आणि मगच मायक्रोपोरची पट्टी पापणीवरून आडवी, बाहेरच्या बाजूला ओढून लावायची. उघड्या डोळ्यावर कापूस किंवा गॉज ठेवून पट्टी बांधली तर तोच बुबुळावर घासतो. पंखा थेट तोंडावर नको, स्कूटीवर कडेने बंद असलेला गॉगल, मिरच्या भाजायचं आणि खडूचं काम दुसऱ्याकडे. डोळा लाल झाला, दुखायला लागला, धूसर दिसलं की त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर, उद्यावर नाही.

मग सल्ले सुरू होतात. शेजारच्या काकूंनी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, एका ओळखीच्यांनी रोज फुगे फुगव म्हटलं, कोणी च्युइंगम, कोणी करंटचा शेक. माणसं प्रेमाने सांगतात, राग येत नाही, पण माझ्या फिजिओताई या बाबतीत एकदम ठाम होत्या. म्हणाल्या, ताई, चेहरा म्हणजे दंड-मांडी नव्हे, जोर लावायचा नाही. फुगा फुगवताना चांगली बाजूच सगळं काम करते आणि आजारी बाजू आणखी ओढली जाते. नस परत वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, आणि खूप दबलेली नस वाढताना तिचे काही तंतू चुकीच्या स्नायूला जाऊन भिडतात, मग हसलं की डोळा बारीक होतो, डोळा मिटला की ओठ ओढला जातो. करंट देण्याने फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही म्हणून त्यांनी तो दिलाच नाही. त्याऐवजी आरशासमोर बसून चांगली बाजू बोटाने हलकेच धरून ठेवायची आणि डावा ओठ अगदी थोडासा, हळू हलवायचा, थकवा आला की थांबायचं. पहिल्यांदा काहीच हलत नाही तेव्हा फक्त डोळे मिटून त्या हालचालीचा विचार करायचा. मला त्यात रडू यायचं. ताई रडू द्यायच्या आणि मग परत आरसा पुढे करायच्या.

कोपनहेगनला औषध न दिलेल्या पेशंटचा फार मोठा अभ्यास झाला होता, १७०१ पेशंट. त्यांपैकी ८५ टक्के लोकांत तीन आठवड्यांच्या आत काही ना काही हालचाल दिसायला लागली आणि उरलेल्यांत तीन ते पाच महिन्यांनी, एकूण ७१ टक्के पूर्ववत झाले. मी उशिरा हलणाऱ्यांतली निघाले. तीन-चार महिन्यांत काहीच हललं नाही, किंवा सावकाश वाढतच गेलं, तर एमआरआय वगैरे करून दुसरं कारण शोधावं लागतं, तेही झालं, स्वच्छ आलं.

हालचाल परत यायला लागल्यावर तिसरं दुखणं आलं ज्याबद्दल मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. गाल सैल होता तो आता आखडायला लागला. संध्याकाळपर्यंत पाच तास बोलून गालाच्या आत दोरी ओढल्यासारखी कळ, जबड्यापासून कानापर्यंत, आणि मानेतही गाठ. चांगली बाजूही दुखते कारण इतके दिवस तिनेच दोघींचं काम केलेलं असतं. यावर गोळी नाही, हात लागतो. हात स्वच्छ धुऊन अंगठा तोंडात गालाच्या आतून आणि बोटं बाहेरून धरायची, आखडलेली जागा सापडली की दाबून धरून सावकाश ओठाच्या कोपऱ्याकडे ताणायची, श्वास सोडत. आधी कोमट पंचा. सासूबाईंना आता ही जागा माझ्यापेक्षा बरोबर सापडते, आणि त्यांच्या हाताला जो धीर आहे तो माझ्या हाताला नाही.

आता चेहरा बराचसा परत आलाय. प, फ, ब, भ, म सगळे मिटतात, पोरं खुश आहेत. मोठ्याने "प" म्हटलं की डावा डोळा किंचित बारीक होतो एवढं राहिलंय, आणि परत थंडी पडल्यावर सकाळी गाल आखडतो. फिजिओताई म्हणतात डोळ्याभोवती बोटॉक्सचं छोटं इंजेक्शन दिलं तर तो चुकीचा ओढा सुटायला मदत होते, त्याचा असर काही महिने राहतो आणि तेवढ्यात व्यायामाने ओठाला वेगळं हलायला शिकवायचं. आमच्या ह्यांना अजून शंका आहे, मला घ्यायचंय. पुढच्या भेटीत न्यूरोलॉजिस्टकडे विचारणार आहोत, घेतलं तर सुई किती दुखली आणि किती उपयोग झाला दोन्ही लिहीन.