जामीनदाराचं लायसन्स कुठं मिळतं हो?

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाचा फोन आला. कॅलिफोर्नियात असतो, वीसेक वर्षं झाली, आधी गोडाऊनमध्ये होता मग ट्रकवाल्यांकडं डिस्पॅच बघायचा. तर म्हणे दादा, मी आता जामीनदार होतोय. मी म्हटलं कोणाला? मला वाटलं तिकडं पोराबिराने काही भानगड केली. तर हसायला लागला, म्हणे कोणाला नाही रे, धंदा करणार, लायसन्स काढतोय.

लायसन्स! आता मी बसतो नाशकात सीबीएस बसस्टँडजवळ, कोर्टाच्या बाहेर, टायपिंग-झेरॉक्सचं दुकान, चौदा वर्षं झाली. दिवसाला पाच-सहा जामीनदारांची कागदं माझ्या मशीनवरून जातात, सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, आधार, रेशनकार्ड, आणि रक्कम मोठी असली की तहसीलचा ऐपतीचा दाखला. जामीनदार म्हणजे माझ्यासाठी घामाघूम झालेला काका किंवा मेहुणा, ज्याला घरून बायकोचे तीन मिसकॉल आलेत. याची कोणी परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतं ही कल्पनाच मला पचेना.

मग रोज रात्री त्याचे फोन सुरू. तो अभ्यास करायचा आणि मला सांगायचा. तिकडं हे काम इन्शुरन्स खात्याकडं येतं, कोर्टाकडं नाही. हे ऐकून मी दोनदा विचारलं, इन्शुरन्स? हो म्हणे, कारण आरोपी तारखेला येईल याची हमी शेवटी एक विमा कंपनी घेते आणि आपण तिचे एजंट. अठरा वर्षं पूर्ण पाहिजेत, वीस तासांचा वर्ग करायचा, मग परीक्षा, बोटांचे ठसे द्यायचे म्हणजे तुझी स्वतःची कुंडली निघते, वर सरकारकडं स्वतःचा हजार डॉलरचा बॉन्ड ठेवायचा आणि एखाद्या विमा कंपनीने तुला नेमलं पाहिजे. शेवटचंच अवघड म्हणे, परीक्षा काय पाठ करून होते, पण नवख्या माणसावर कंपनी पैसा लावत नाही.

कमाई कशी तर दहा टक्के. कोर्टाने वीस हजार डॉलर जामीन सांगितला तर घरच्यांनी एजंटला दोन हजार द्यायचे आणि ते गेले ते गेले, पुढं आरोपी निर्दोष सुटला तरी परत नाही. आरोपी पळाला तर एजंटकडं सहा महिने असतात, 180 दिवस, तेवढ्यात त्याला शोधून हजर करायचं नाहीतर पूर्ण वीस हजार भरायचे. म्हणून एजंट आधीच आरोपीच्या आईची, भावाची सही घेऊन ठेवतो, कधी घराचे कागद पण. म्हणजे फिरून फिरून आईच्याच गळ्यात.

एक नियम मला फार आवडला. एजंटने जेलच्या किंवा कोर्टाच्या आवारात गिऱ्हाईक शोधायचं नाही आणि अमुक वकील कर असं सांगायचं नाही. मी म्हटलं बाबा, हा नियम इकडं आला तर आमच्या गेटवरची निम्मी गर्दी घरी जाईल, चहावाला पण बसेल.

आता माझं दुखणं सांगतो, म्हणजे मला यात एवढा इंटरेस्ट का ते कळेल. 2019 साली मी गल्लीतल्या एकाला जामीन राहिलो होतो. टेम्पोचा अपघात, समोरच्याचा पाय मोडला, पंधरा हजारांचा जामीन. चांगला माणूस हो, गणपतीत मंडप बांधायला सगळ्यात पुढं असायचा. मी दिवसभर दुसऱ्यांची जामिनाची कागदं करतो, पण स्वतः सही केली तेव्हा काय लिहिलंय ते वाचलं नाही, काय म्हणायचं याला. क्लार्कने रेशनकार्डाच्या मागे शिक्का मारला, तारीख टाकली, झालं. दोन-तीन तारखांना तो गेला, मग सुरतला कामाला गेला तो गेलाच, फोन बंद. आणि एक दिवस दुकानात पोलीस. मी सवयीने विचारलं किती कॉपी? म्हणे कॉपी नाही, तुमच्याच नावाची नोटीस आहे. पंधरा हजार दंड म्हणून का वसूल करू नये ते सांगा. तेव्हा सीआरपीसी होतं, म्हणजे फौजदारी खटल्यांच्या कामकाजाचा जुना कायदा, त्याचं कलम 446, आता नवीन कायद्यात 491 झालंय. वकीलसाहेबांनी अर्ज दिला की माणूस गरीब आहे, स्वतः काही केलेलं नाही, कोर्टाला रक्कम कमी करता येते, तर पाच हजारांवर सुटलो. आणि त्या अर्जाचं टायपिंग मी माझंच केलं, तेवढे वाचले.

तर मावसभावाचं ऐकून मला वाटलं, च्यायला, फुकट राहून पाच हजार गेले, त्यापेक्षा दहा टक्के घेऊन राहिलो असतो तर? नाशिकरोडला सेंट्रल जेल आहे, कोर्ट समोर आहे, माझ्याकडं दुकान आहे, ओळखी आहेत, बोर्ड लावायचा फक्त. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब झेरॉक्सला आले तेव्हा विचारलंच, साहेब इकडं जामीनदाराचं लायसन्स कुठं मिळतं? त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणे बोर्ड लावा, मग तुमच्यासाठी जामीनदार मी शोधतो.

मग चहा घेता घेता समजावलं. आपल्याकडं असं लायसन्सच नाही. आणि आरोपीने किंवा त्याच्या घरच्यांनी जामीनदाराला लिहून दिलं की तुझे पैसे बुडाले तर आम्ही भरून देऊ, तर तो करारच रद्दबातल, 1872 च्या करार कायद्याचं कलम 23, सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध. का, तर जामीनदाराच्या खिशाला झळ बसणार असेल तरच तो आरोपीवर डोळा ठेवील, ती झळच काढून घेतली तर कशाला मरायला तारखेची आठवण करील? तिकडं ज्या सहीवर सगळा धंदा उभा आहे ती सही इकडं कागदाच्या किमतीची पण नाही. किती लोकांना तुम्ही जामीन आहात हे सुद्धा लिहून द्यावं लागतं, म्हणजे धंदेवाईक कोण ते कळावं.

तरी धंदेवाईक आहेतच, बनावट सातबारे आणि दुसऱ्याच्या आधारवर स्वतःचा फोटो घेऊन येणारे. मी पाहिलेत, एकदा एकाच माणसाची दोन वेगवेगळ्या नावांची कागदं आठवड्यात माझ्याकडं आली, मी झेरॉक्स काढून दिली नाही तर मलाच दम दिला. मागणी आहे म्हणून हे लोक आहेत. ज्याचे नातेवाईक आहेत, जमीन आहे, तो सुटतो. ज्याचं कोणी नाही तो जामीन मंजूर होऊन पण आतच.

गेल्या गुरुवारची गोष्ट. एक म्हातारी आली, पेठकडची, सोबत सात-आठ वर्षांची नात. कॅरीबॅगमध्ये रेशनकार्ड, लाईटबिल आणि अकरा गुंठ्यांचा सातबारा, त्यावर चार नावं, तिचं तिसरं. पोराला जामीन मंजूर होऊन सव्वा महिना झाला होता. पंचवीस हजारांचा एक जामीनदार पाहिजे. म्हणे भाऊ, गावात कोणी सही करत नाही, ज्यांच्याकडं जमीन आहे त्यांच्याच घरच्या भांडणात पोरगा अडकलाय. नात माझ्या मशीनमधून उजेड सरकतो तो बघत होती, मी एक कोरा कागद टाकून तिला परत दाखवला.

तिला वकीलसाहेबांकडं नेलं. सुप्रीम कोर्टाने 31 जानेवारी 2023 ला सांगून ठेवलंय की महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करता येतील का ते बघावं, आणि स्थानिकच जामीनदार हवा असा आग्रह नको. त्याच्याही आधी 1978 चा मोतीरामचा निकाल, मध्य प्रदेशातला गवंडी, दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला, शेवटी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच लेखी हमीवर, सुप्रीम कोर्टाने सोडायला सांगितलं. एवढं सगळं लिहिलेलं आहे पण ते पेठच्या म्हातारीला कोण सांगणार, अर्ज तर कोणीतरी टाकला पाहिजे ना. आम्ही टाकला, जामीनदाराऐवजी तात्पुरता रोख जामीन घ्या आणि रक्कम कमी करा म्हणून. पुढची तारीख सोमवारची आहे.

रात्री मावसभावाला हे सांगितलं. तो म्हणाला आमच्याकडं असती तर दहा टक्के दिले असते आणि पोरगा त्याच रात्री घरी. मी म्हटलं हो, आणि अडीच हजार कुठून आणले असते? त्यावर तो जरा गप्प बसला, मग म्हणाला हप्ते करून देतात. तिकडं पण यावरून भांडणं आहेत म्हणे, इलिनॉयने 2023 मध्ये रोख जामीन बंदच करून टाकला, आणि कॅलिफोर्नियात 2020 ला मतदान झालं तर लोकांनी चालू ठेवला. त्याचा जीव भांड्यात.

पास झालाय तो. कंपनी अजून मिळायचीय.

आणि परवा माझ्या चुलतसासऱ्यांचा फोन आला, त्यांच्या भाच्याचं काहीतरी मारामारीचं, तुम्ही कोर्टापाशीच असता ना जावईबापू, एक सही लागेल. मी बघतो म्हटलं. घरी येऊन रेशनकार्ड शोधलं तर कपाटात नाही. बायकोने तूरडाळीचा डबा उचलून त्याखाली दाखवलं आणि डबा परत ठेवला.