पगार सारखाच, मग शहर कोणते?

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये करार संपलेल्या खेळाडूंशी बोलणी करण्याची मुभा सर्व संघांना जूनच्या शेवटच्या दिवशी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सहा वाजले की मिळते. आपल्याकडे तेव्हा १ जुलैच्या पहाटेचे साडेतीन झालेले असतात. आमच्या जळगावच्या मैदानावर सकाळच्या सरावाला येणारी मुले त्या दिवशी चेंडूआधी मोबाइल हातात घेतात आणि कोण कुठे गेला याची चर्चा वॉर्मअप संपेपर्यंत चालू राहते. चांगले फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळे झालेले खेळाडू, फिरून फिरून लॉस एंजेलिस, मायामी, न्यूयॉर्क याच शहरांकडे का वळतात, असा विषय एकदा निघाला, तेव्हा यावल तालुक्यातून येणारा एक मुलगा पटकन म्हणाला, “सर, पैसा सारखाच भेटन तर कोन्ही बी पुन्यालेच जाईन ना!” त्याच्या या वाक्यात निम्मे उत्तर आले आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हा लेख आहे.

पैसा सारखाच का, हे आधी पाहायला हवे. एनबीएत संघाच्या एकूण पगारखर्चाला सॅलरी कॅपची मर्यादा असते. त्याशिवाय एका खेळाडूला जास्तीत जास्त किती द्यायचे, यालाही कमाल मर्यादा आहे. खेळाडूने किती हंगाम पूर्ण केले त्यानुसार ती कॅपच्या २५, ३० किंवा ३५ टक्के इतकी ठरते. १९९६ मध्ये शकील ओनील ऑर्लँडो सोडून लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे गेला तेव्हा अशी वैयक्तिक मर्यादा नव्हती आणि त्याचा करार सात वर्षांचा व १२ कोटी डॉलरचा झाला. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील १९९९ च्या सामूहिक करारानंतर मात्र ही मर्यादा लागू झाली. तेव्हापासून अव्वल खेळाडूला बाहेरचा कोणताही संघ दुसऱ्या बाहेरच्या संघापेक्षा जास्त रक्कम देऊ शकत नाही. खुल्या बाजारात मिलवॉकीसारख्या लहान, थंड शहराच्या संघाने थंडीची आणि लहान बाजारपेठेची भरपाई जास्त पैसे मोजून केली असती. नियमाने तो मार्गच बंद केला आणि लहान शहरांच्या रक्षणासाठी आणलेल्या व्यवस्थेत शहराचे आकर्षण हीच निर्णायक गोष्ट होऊन बसली. हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. सरकारी नोकरीत वेतनश्रेणी सगळीकडे सारखी असल्यामुळे धडगाव किंवा अक्कलकुव्याची नेमणूक हातात पडताच अनेक जण बदलीच्या अर्जाची भाषा बोलू लागतात, म्हणून तर आदिवासी भागासाठी एकस्तर वेतनश्रेणीसारखी सवलत द्यावी लागली. एनबीएनेही तसेच केले आहे. खेळाडूचा सध्याचा संघ त्याला पाच वर्षांचा करार आणि ८ टक्क्यांपर्यंत वार्षिक वाढ देऊ शकतो, तर बाहेरच्या संघाला चार वर्षे आणि ५ टक्के इतकीच परवानगी असते. काही मोजक्या खेळाडूंसाठी याहून मोठा करारही करता येतो. यानिस आंटेटोकुंपोने डिसेंबर २०२० मध्ये मिलवॉकीशी असाच पाच वर्षांचा, २२ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला आणि पुढच्या वर्षी संघाला विजेतेपद मिळवून दिले.

मग कराचा मुद्दा येतो, आणि तो बहुतेक वेळा गरजेपेक्षा मोठा करून सांगितला जातो. टेक्सास, फ्लोरिडा आणि टेनेसी या राज्यांत पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही. कॅलिफोर्नियात तो वरच्या टप्प्यावर १३ टक्क्यांच्याही पुढे जातो. वर्षाला ४ कोटी डॉलर कमावणारा खेळाडू कॅलिफोर्नियाचा रहिवासी असेल, तर ढोबळमानाने ५० लाख डॉलर राज्याच्या तिजोरीत जातात. टेक्सासमध्ये राहणाऱ्यालाही सुटका पूर्ण मिळत नाही, कारण ८२ पैकी ४१ सामने परक्या मैदानांवर होतात आणि ज्या राज्यात सामना, तिथला कर त्या दिवसांच्या कमाईवर भरावा लागतो. तरीही फरक मोठा राहतो. करच निर्णायक असता तर टेनेसीतल्या मेम्फिसच्या संघापुढे दर जुलैत रांग लागायला हवी होती. तशी ती लागत नाही. उलट लेब्रॉन जेम्स २०१८ मध्ये क्लीव्हलंड सोडून लेकर्सकडे, म्हणजे कॅलिफोर्निया या देशातील सर्वांत करजड राज्यात गेला आणि जेलन ब्रन्सन २०२२ मध्ये करमुक्त डॅलस सोडून न्यूयॉर्कला गेला.

हवामानाबद्दल मी फार लिहीत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेल्या गावात राहणाऱ्याला हवेचे वजन कळते, परंतु एनबीएचा हंगाम बंदिस्त सभागृहांत आणि विमानांत जातो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळाडू हवे तिथे घर घेऊ शकतो.

शहराचे आकर्षण म्हणजे नेमके काय, हे तपासण्याची उत्तम सोय लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या दोन शहरांनी करून ठेवली आहे, कारण दोन्हींत दोन-दोन संघ आहेत. समुद्र तोच, कर तोच, जाहिरातदार तेच. फरक फक्त संघाचा. लेकर्सखेरीज दुसरा संघ क्लिपर्स १९८४ पासून लॉस एंजेलिसमध्ये आहे, पण डोनाल्ड स्टर्लिंग यांच्या मालकीच्या काळात मोठे खेळाडू आपण होऊन तिकडे वळत नसत. त्याच शहरात लेकर्सकडे यायला सगळे तयार असत. २०१४ मध्ये वर्णद्वेषी वक्तव्यांमुळे स्टर्लिंग यांच्यावर आजीवन बंदी आली, स्टीव्ह बाल्मर यांनी २०० कोटी डॉलरला संघ विकत घेतला, आणि पाच वर्षांनी टोरंटोला विजेतेपद मिळवून देऊन मोकळा झालेला, मूळचा दक्षिण कॅलिफोर्नियाचा कवाय लेनर्ड लेकर्सना नकार देऊन क्लिपर्सकडे आला. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या निक्स संघाने कॅपमध्ये दोन मोठ्या करारांइतकी जागा रिकामी ठेवली होती. केविन ड्युरंट आणि कायरी अर्विंग न्यूयॉर्कला आलेही, परंतु नदीपलीकडे, ब्रुकलिन नेट्सकडे. मॅडिसन स्क्वेअर गार्डन या निक्सच्या क्रीडागृहाची कीर्ती, सर्वांत मोठी बाजारपेठ, निष्ठावान प्रेक्षक हे सारे असूनही निक्सच्या कारभारावर त्या दोघांचा भरवसा बसला नाही. शिकागोचेही तसेच. मायकेल जॉर्डननंतर २००० च्या उन्हाळ्यात बुल्सकडे पैसा होता, शहर अमेरिकेतील सर्वांत मोठ्यांपैकी एक होते, परंतु ग्रँट हिल आणि ट्रेसी मॅकग्रेडी दोघेही ऑर्लँडोला गेले. मॅकग्रेडीसाठी फ्लोरिडा हे घर होते.

म्हणून माझे ठाम मत असे झाले आहे की खेळाडू शहर निवडतो असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात तो माणसे निवडत असतो: मालक, व्यवस्थापक, प्रशिक्षक, डॉक्टर आणि आधीच तिथे असलेले सहकारी. २०१० मध्ये लेब्रॉनने मायामी निवडले ते किनाऱ्यासाठी, असे अजूनही बोलले जाते. पण तिथे संघाचे अध्यक्ष पॅट रायली होते, अव्वल खेळाडू ड्वेन वेड होता आणि ख्रिस बॉशही तिकडेच निघाला होता. ब्रन्सनला खेचून आणणाऱ्या निक्सचे अध्यक्ष लिऑन रोझ पूर्वी त्याच्या वडिलांचे एजंट होते आणि त्याचे वडील त्याच उन्हाळ्यात निक्सचे सहायक प्रशिक्षक झाले होते. गॉर्डन हेवर्ड २०१७ मध्ये यूटाहून बॉस्टनला गेला, कारण तिथे त्याचे कॉलेजचे प्रशिक्षक ब्रॅड स्टीव्हन्स होते. २०१५ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओने लामार्कस ऑल्ड्रिजला आणले. तो टेक्सासचा होता हे खरे, पण प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांच्या हाताखाली पाच विजेतेपदे मिळवलेल्या संघावर विश्वास ठेवणे त्याला सोपेही होते.

अर्थात बाजारपेठेचा लाभ खोटा नाही, आणि सॅन अँटोनिओचा पाया टिम डंकनवर उभा होता, जो १९९७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या क्रमवार निवडीत, पहिल्या क्रमांकावर मिळाला होता; हा क्रमांक सोडतीने ठरतो, म्हणजे नशिबाने. पण खेळाडू निघून गेल्यावर त्याची जर्सी जाळणाऱ्या चाहत्यांची बाजू मला घेता येत नाही. नामवंत खेळाडू ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने चाललेल्या दाव्यात १९७६ मध्ये तडजोड होईपर्यंत करार संपला तरी खेळाडूची सुटका नसे. पूर्ण मोकळीक तर १९८८ मध्ये आली आणि तिचा पहिला लाभ घेणारा टॉम चेंबर्स सिअॅटल सोडून फिनिक्सला गेला. एका पिढीने कोर्टात भांडून मिळवलेला हा हक्क आहे. तो वापरणाऱ्याला गद्दार म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

लहान शहरांना काय करता येते, याचे उत्तर मुलांना देताना मी ओक्लाहोमा सिटीचे उदाहरण सांगतो. २०१६ मध्ये ड्युरंट तिथून गोल्डन स्टेटकडे गेला, तेव्हा हा संघ संपला असेच सर्वांना वाटले. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या पामडेलमध्ये वाढलेल्या पॉल जॉर्जने लेकर्सना भेटही न देता तिथेच नवा करार केला, पण वर्षभरातच लेनर्डच्या सोबतीला क्लिपर्सकडे जाण्याची मागणी केली. व्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांनी त्याला जाऊ दिले आणि बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर हा तरुण खेळाडू व ड्राफ्टचे अनेक हक्क घेतले. त्यांतल्याच एका हक्कातून २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या मतदारांनी नव्या क्रीडागृहासाठी एक टक्का विक्रीकर मोठ्या बहुमताने मंजूर केला. आणि जुलै २०२४ मध्ये आयझाया हार्टेनस्टाईन हा सेंटर, फ्री एजंट म्हणून, न्यूयॉर्क सोडून ओक्लाहोमा सिटीला आला. तो निक्सकडे दोनच हंगाम खेळलेला असल्यामुळे त्यांना नियमानुसार त्याला चार वर्षांसाठी सुमारे ७ कोटी २५ लाख डॉलरच देता येत होते. ओक्लाहोमाने तीन वर्षांसाठी ८ कोटी ७० लाख दिले, कारण त्यांचे तरुण खेळाडू अजून सुरुवातीच्या स्वस्त करारांवर होते आणि कॅपमध्ये जागा शिल्लक होती. २२ जून २०२५ रोजी सातव्या सामन्यात इंडियानाला हरवून ओक्लाहोमा सिटीने विजेतेपद मिळवले, तेव्हा हार्टेनस्टाईन त्या संघात होता.