तुम्ही विचारलंत म्हणून: पर्यावरण व्यवस्थापन शिकावं का?

पदवीसाठी पर्यावरण व्यवस्थापन घ्यावं का, असं विचारलं की मी "अभ्यासक्रम बघा" एवढंच म्हणते आणि समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला होकार हवा असतो. झाडं आवडतात, प्लास्टिक पाहून संताप येतो आणि गणित नको वाटतं, या तिन्हींची बेरीज म्हणजे हा विषय अशी समजूत करून घेऊनच तो आलेला असतो. पहिल्या दोन गोष्टींवर माझं काही म्हणणं नाही. घोडं अडतं ते तिसरीवर.

एक हिशेब करून बघा. कारखान्यातून दिवसाला ५०० घनमीटर सांडपाणी बाहेर पडतं आणि त्याचा बीओडी लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन फस्त करतात त्याचं माप. गुणाकार केलात की दिवसाचा भार १२५ किलो निघतो. आता कुणीतरी त्यात आणखी ५०० घनमीटर स्वच्छ पाणी सोडलं. बीओडी १२५ वर आला, अहवाल देखणा झाला. नदीत मात्र पूर्वीइतकेच १२५ किलो जातायत. हे वाचून "प्रवाहाचा मीटर नेमका कुठे बसवलाय?" असं विचारावंसं वाटलं, तर हा विषय तुमचा. नुसतं "लोक असं कसं करतात!" म्हणून हळहळलात, तर थोडं थांबा.

तो २५० चा आकडा तरी येतो कुठून? ३०० मिलिलिटरची काचेची बाटली, आत हवेचा एकही बुडबुडा नको, २० अंश तापमान, अंधार आणि पाच दिवस. पाच दिवसांत ऑक्सिजन लिटरमागे निदान २ मिलिग्रॅमने उतरायला हवा आणि निदान १ मिलिग्रॅम उरायला हवा, नाहीतर ती बाटली बाद. नमुना बर्फात न ठेवता दुपारभर गाडीत फिरवला, तर घाण वाटेतच कुजायला लागते. नमुन्यात क्लोरीन राहून गेला तर जिवाणूच मरतात आणि बीओडी छान कमी येतो. असले "छान" आकडे ओळखता येणं हे अर्धं शिक्षण आहे. निकाल हातात पडेपर्यंत ते पाणी कुठल्या कुठे गेलेलं असतं, हे वेगळंच.

म्हणून कित्येक वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं: आधी रसायनशास्त्र, भूशास्त्र नाहीतर सिव्हिल करा, व्यवस्थापन नंतर, हवंच असेल तर. उत्तर ऐटबाज होतं आणि मुलं त्याने गप्पही व्हायची. पण बांगलादेशातल्या हातपंपांचं प्रकरण नीट वाचल्यावर ते मला पूर्वीच्या ठसक्यात देता येत नाही.

तळ्याचं पाणी पिऊन तिथे मुलं हगवणीने, कॉलऱ्याने दगावत होती. म्हणून १९७० च्या दशकापासून उथळ हातपंप बसू लागले आणि बघता बघता ते लाखांच्या घरात गेले. जंतूंच्या बाबतीत हे पाणी तळ्यापेक्षा कितीतरी बरं. हेतू चांगला, पंपही चांगले. पण खालच्या गाळात आर्सेनिक हे विष होतं, लोहाच्या संयुगांना चिकटून बसलेलं. ऑक्सिजन नसलेल्या थरात सेंद्रिय द्रव्य कुजताना ती संयुगं विरघळतात आणि आर्सेनिक पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. काही वर्षांनी तळहात-तळपाय खरखरीत होतात, अंगावर डाग उठतात. कर्करोग आणखी उशिरा. तिथल्या पंपांत ते सापडल्याची नोंद १९९३ ची. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटनच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने तिथलं भूजल बऱ्याच घटकांसाठी तपासलं होतं. तपासायच्या यादीत आर्सेनिक नव्हतं. पुढे प्रकरण कोर्टात गेलं. हे पाणी पिणाऱ्यांप्रती संस्थेवर कायदेशीर जबाबदारी येत नाही, असा निकाल २००६ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, दिला. पाणी पिण्यालायक आहे का, हे ठरवायचं काम तिला दिलेलंच नव्हतं.

आता यात रसायनशास्त्र कुठे कमी पडलं? आर्सेनिक मोजता येत होतं, माणसं कसलेली होती. प्रश्न एवढाच होता की यादी कुणी केली, कशासाठी केली आणि लोक हेच पाणी पितायत ही गोष्ट त्या टेबलावर कुणी मांडायची होती. हे सगळं व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमातलं. त्याला मी नाक मुरडत होते.

पुढचा भाग माझ्या जुन्या मताला जरा दिलासा देतो. सुमारे ५० लाख पंप जागेवरच किटने तपासले गेले. नमुन्यात आम्ल आणि जस्ताची पूड टाकायची. आर्सेनिक असेल तर आर्सीन वायू सुटतो आणि मर्क्युरिक ब्रोमाइडच्या पट्टीवर पिवळा ते तपकिरी डाग पडतो. तो तक्त्याशी ताडायचा. तिथली मर्यादा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम, आणि ४० चा डाग कोणता नि ६० चा कोणता हे डोळ्यांना धड कळत नाही. मर्यादेच्या वर असेल तर पंपाला लाल रंग, खाली असेल तर हिरवा. उपाय स्वस्त होता आणि हुशारीचाही, कारण आर्सेनिक हाकेच्या अंतरावर बदलतं. लाल पंपाशेजारी हिरवा सापडू शकतो. पण हिरवा पंप शेजाऱ्याच्या अंगणात असतो, आणि घागर घेऊन रोज तिथे जायचं ते बाईने. मग रंग उडाला. नवे पंप बसत राहिले, त्यांना ना किट ना रंग. पुन्हा तपासायला आणि पुन्हा रंगवायला कोण येणार? यादी चुकली ते एकदा; हे दर पावसाळ्यानंतर चुकत राहतं.

त्यामुळे विज्ञान आधी की व्यवस्थापन आधी, याचा निकाल माझ्याकडे नाही. आठवड्यातून दोनदा मत बदलतं.

"मग हे नुसतं कागदांचं काम ना?" असंही विचारता. बऱ्याच अंशी हो. उपकरणांच्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे ती बरोबर मोजतात ना हे तपासल्याच्या नोंदी, घातक कचरा कुणाकडे किती गेला त्याच्या पावत्या, अंतर्गत ऑडिट. आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक १९९६ पासून आहे, पण धुराड्यातून किती धूर चालेल हे ते सांगत नाही. कंपनीकडे व्यवस्था आहे की नाही एवढंच बघतं. प्रमाणपत्र भिंतीवर आणि फेस नाल्यात, हे एकाच वेळी शक्य आहे. हे ऐकून चिडायला होत असेल तर बरंच आहे. कंटाळा येत असेल तर चार वर्षं जड जातील.

अभ्यासक्रम बघा म्हणजे काय बघा, तेही सांगते. संख्याशास्त्र सक्तीचं आहे की ऐच्छिक? ऐच्छिक असेल तर माझ्या लेखी तिथेच फुली. प्रयोगशाळेचे आणि प्रत्यक्ष जागेवरचे तास मोजा. "क्षेत्रभेट" म्हणजे बसमधून जाऊन फोटो काढणं असेल तर तो तास धरू नका. एखाद्या चालू कारखान्याचा आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालाचा ताळेबंद विद्यार्थ्यांकडून पुरा करून घेतात का? जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि माहिती जोडणं, सगळीकडेच असतं, त्याला भुलू नका. आघात मूल्यांकनाचा, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधीच तपासण्याचा विषय असेल, तर काय तपासायचं आणि काय वगळायचं ते ठरवण्याला किती तास दिलेत ते पाहा. हातपंप तिथेच फसले होते.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून एक विचारा: नमुना कुठून आणि कधी घ्यायचा हे तुम्ही ठरवता की सर ठरवून देतात? "सर देतात" असं उत्तर आलं, तर माझं जुनं उत्तर लागू, सरळ रसायनशास्त्र घ्या. "आम्हीच ठरवतो, आणि पहिल्या खेपेला सगळं चुकलं होतं" असं कुणी म्हणालं, तर काय चुकलं होतं ते त्याला तिथेच विचारून घ्या, आणि मग या.