गणितातील अक्षरांचे वळण

लेटेक या गणिती मजकूर जुळवण्याच्या संगणकप्रणालीत समीकरणात टंकलेला प्रत्येक रोमन वर्ण स्वतंत्र चल मानला जातो. त्यामुळे साइनची तीन अक्षरे नुसती टंकली, तर फलाचे नाव न उमटता एस, आय आणि एन या तीन चलांचा गुणाकार तिरप्या वळणात उमटतो. तेच नाव आज्ञा म्हणून, म्हणजे आधी बॅकस्लॅश देऊन लिहिले, की अक्षरे सरळ येतात आणि पुढच्या चलाआधी योग्य तेवढे अंतरही सुटते. एखादे नवे फल असेल, तर ‘डिक्लेअरमॅथऑपरेटर’ने त्याचे नाव आरंभीच घोषित करावे.

अनेक जण अशा वेळी ‘टेक्स्ट’ ही आज्ञा वापरतात. मीही वापरत असे. ती भोवतालच्या मजकुराचे वळण उचलते, हे माझ्या उशिरा ध्यानात आले. प्रमेयाचा मजकूर तिरपा असल्यामुळे एकच नाव प्रमेयात तिरपे आणि त्याच्या सिद्धतेत सरळ छापले गेले होते. ‘मॅथआरएम’ असे करीत नाही, मात्र ती शब्दांमधल्या मोकळ्या जागा गिळून टाकते. म्हणून वाक्यांशासाठी ‘टेक्स्ट’ आणि चिन्हासाठी ‘मॅथआरएम’ अशी विभागणी मी पाळतो.

ठळक अक्षरांची गोष्ट अधिक फसवी आहे. ‘मॅथबीएफ’ने रोमन अक्षर ठळक होते, पण सरळही होते, आणि मूळ कॉम्प्युटर मॉडर्न टंकात लहान लिपीतील अल्फावर तिचा काहीच परिणाम होत नाही, चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. तेथे ‘बीएम’ हे पॅकेज उपयोगी पडते. आयएसओ ८०००० या राशी आणि एककांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या भागानुसार सदिश ठळक आणि तिरपा, तर विकलनातील डी सरळ असावा. गणिताच्या पुस्तकांत मात्र तिरपा डी सर्रास आढळतो, आणि मला तो मुळीच खटकत नाही.

यापेक्षा महत्त्वाचे हे, की लेखनात वळणाची आज्ञा थेट येऊच नये. ‘न्यूकमांड’ने ‘सदिश’ या अर्थाची आपली आज्ञा करावी आणि वळण तिच्या व्याख्येत ठरवावे. हे न करता मी एका टिपणात सदिश आणि सारणी (मॅट्रिक्स) दोन्हींसाठी ‘मॅथबीएफ’च लिहीत गेलो. पुढे सदिशांवर बाण हवेत असे ठरले, तेव्हा शोधून-बदलण्याची सोय निरुपयोगी ठरली आणि प्रत्येक ठळक अक्षर सदिश की सारणी, हे समीकरण वाचूनच ठरवावे लागले.