तुमच्या टाकीत हार्ड कोरल का नाही?

हार्ड कोरल म्हणजे दगडी सांगाडा बांधणारं जिवंत प्रवाळ. ते माझ्या समुद्री माशांच्या टाकीत का नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. घरी आलेले, फोनवर बोलणारे, राजारामपुरीत दुकानाच्या दारात गाठ पडलेले, सगळे फिरून तिथंच येतात. वहिनी, सिंगापुरात तुमची टाकी कोरलनं भरलेली होती, फोटो आम्ही बघितलेत, मग इथं नुसते दगड आणि क्लाउनफिशची जोडी का? काहींना त्याच्या पुढचंही विचारायचं असतं, की शेजारच्या एका पोरानं आणलेलं, मरायला टेकलेलं कोरल (ती गोष्ट पुढं सांगते) तुम्ही तुमच्या टाकीत का घेतलं नाहीत. दोन्हींची उत्तरं मी तोंडी दिली आहेत. पण बोलणं मध्येच तुटतं, आणि समोरचा माणूस "म्हणजे आता तुम्हाला झेपत नाही" असं ठरवून उठतो.

झेपत नाही हे कारण नव्हे. ते आधी बाजूला काढते.

समुद्र नसलेल्या गावात हे जमायचं नाही, ही समजूत खोटी आहे. नळाचं पाणी आरओ-डीआय फिल्टरमधून काढून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्यावर आणायचे, त्यात सॉल्ट मिक्स घालायचं, खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर 1.026 आलं की झालं समुद्राचं पाणी. कोल्हापुरातही तेच येतं. एप्रिलात खोली तापली तरी चिलर टाकीला 26 अंशांवर धरून ठेवतो. लाईट गेली तर दिवे आणि चिलर काही तास बंद राहिलेले चालतात, पाणी हलवणारा वेव्हमेकर मात्र इन्व्हर्टरवर हवाच, कारण पाणी हलायचं थांबलं की आधी ऑक्सिजन संपतो. 2019 च्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. आमच्या भागात तेव्हा कित्येक दिवस लाईट नव्हती, आणि माझे मासे बॅटरीच्या एअर पंपावर तगले. कोरल तगलं असतं का? बहुतेक नाही. पण असा पूर दरवर्षी येत नाही, आणि जनरेटर भाड्यानं मिळतो.

रंगाचं तर लोक अजूनच चुकीचं विचारतात. कुठली बाटली घालता, कुठला दिवा लावता? कोरलच्या मांसात सूक्ष्म शेवाळ राहतं, झूझँथेली म्हणतात त्याला. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं कोरलला देतं. या शेवाळाचा रंग तपकिरी. जांभळा, गुलाबी, झगझगीत हिरवा हे रंग कोरलच्या स्वतःच्या प्रथिनांचे. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट साचलं आणि उजेड कमी पडला की शेवाळ माजतं, त्याखाली बाकीचे रंग झाकले जातात आणि महागाचं अ‍ॅक्रोपोरा, म्हणजे फांद्याफांद्यांचं कोरल, मातकट दिसायला लागतं. मग लोक घाबरून पाणी इतकं धुऊन काढतात की दोन्ही शून्यावर जातात. कोरल फिकं पडतं, "काय सुंदर पेस्टल रंग आला" म्हणून फोटो निघतात, आणि ते उपाशी असतं. मला नायट्रेट पाचाच्या आसपास आणि फॉस्फेट 0.05 च्या आसपास ठेवणं पटलं. दुसऱ्यांचे आकडे वेगळे असतील.

सगळ्यात जास्त जपायची ती अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा. कोरल आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतं आणि त्यासाठी रोज पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतं. अल्कलिनिटी सात ठेवा, आठ ठेवा, नऊ ठेवा, पण आज सात आणि उद्या नऊ असं होऊ देऊ नका. तसं झालं की फांद्यांची टोकं जळतात, खालचा सांगाडा उघडा पडतो. सिंगापुरात मी रोज संध्याकाळी एकाच वेळी टेस्ट करायचे. पाहुणे बसलेले असले तरी उठायचे. फांदीचं टोक फिकट जांभळं आणि ओलसर चमकतं म्हणजे वाढ चालू आहे. तेच टोक तपकिरी झालं की वाढ थांबली, आणि ते टेस्ट किटच्या आधी डोळ्यांना कळतं. हे मला अजून येतं. हात विसरलेले नाहीत.

मग का नाही? कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून सगळी दगडी प्रवाळं आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच अनुसूचीत. समुद्रातून काढणं, विकणं, घरात बाळगणं, सगळं त्यात येतं. शिक्षा तीन ते सात वर्षं. "पण अमक्याकडं आहे की", "मुंबईत मिळतंय", "व्हॉट्सअ‍ॅपवर रेट येतात" हे मला ठाऊक आहे. कुणाकडं आहे म्हणून माझ्याकडं असावं, हे मला पटत नाही. कुठं मिळेल ते सांगायलाही मी तयार नाही, तेव्हा कृपा करून ते विचारू नका.

हे वाचून काहीजण म्हणतील, कायद्याचं नाव पुढं करून वहिनी सुटल्या. म्हणून ती रात्र सांगते.

करोनानंतरचा एक उन्हाळा. दोन गल्ल्या सोडून एक मुलगा राहतो, तेव्हा इंजिनिअरिंगला होता. माशांचा नाद, स्वभावानं गरीब, माझ्याकडं टाकी बघायला यायचा. मित्रांबरोबर मालवणला गेला होता. रात्री जेवणं झाल्यावर त्याचा फोन आला, "काकू, जरा येता का? कोरल कसंतरी करायलंय." मला आधी वाटलं त्यानं प्लास्टिकचं काहीतरी आणलंय.

त्यांच्या मागच्या खोलीत दोन फुटी नवी टाकी होती, पांढरा निळा दिवा लावलेली. मधोमध तळहाताएवढा टर्बिनेरियाचा तुकडा, पसरट पेल्यासारखा, खालून ताजा तुटलेला. किनाऱ्यावर कुणीतरी दिला म्हणाला. बादलीत घालून गाडीच्या डिकीतून, करूळ घाट चढून, भर उन्हात आणलेला. मालवणचं ते सागरी अभयारण्य 1987 सालचं आहे. हे त्याला मी त्या क्षणी सांगितलं नाही. त्याचा चेहरा बघून सांगवलं नाही.

टर्बिनेरिया तसं चिवट कोरल. गढूळ पाण्यात वाढतं, म्हणून तर आपल्या किनाऱ्याला टिकतं. त्याची कड सुटायला लागली होती. फिक्या तपकिरी मांसाचा पापुद्रा कडेनं उचलला गेला होता आणि पाण्याच्या हालचालीबरोबर फडफडत होता. त्याखाली पांढराशुभ्र सांगाडा, त्यावर बारीक नळकांड्यांसारखी पॉलिपची (कोरलच्या एकेका बारीक जिवाची) घरं, सगळी रिकामी. मधल्या भागात मात्र काही पॉलिप अजून उघडे होते, पिवळसर, बोटं पसरल्यासारखे. मी पाण्यात हात घातला तसे ते मिटले. म्हणजे जिवंत होते.

रिफ्रॅक्टोमीटर मी बरोबर नेला होता. 1.018. पाणी सरळ नळाचं. थर्मामीटर 31. अमोनियाची टेस्ट लावली तर नळी हिरवी झाली, म्हणजे पाण्यात अमोनिया होता, टाकी चार दिवसांपूर्वीच भरलेली. आणि रंग चांगला यावा म्हणून त्यानं त्यात कोरल फूडची बाटली निम्मी ओतली होती.

मी घरून माझ्या टाकीसाठी कालवून ठेवलेलं पाणी आणलं. त्यांचीच एक स्वच्छ बादली घेतली, तिच्यात एअरस्टोन सोडला, बाजूला पंखा लावला, बर्फाची बाटली तरंगत ठेवली. टाकीतल्याच पाण्यात कोरल बादलीत घेतलं आणि आयव्हीच्या (सलाईनच्या) नळीनं माझं पाणी थेंब थेंब सोडत क्षार वर नेला, कारण एकदम बदललं तर उरलेलं मांसही गेलं असतं. सुटलेला पापुद्रा पिपेटनं ओढून काढला. सुटलेलं मांस कुजतं आणि शेजारच्या चांगल्या मांसाला घेऊन जातं. पाण्याला वास यायला लागला होता. ज्यानं कोरल मरताना बघितलंय त्याला तो वास ओळखू येतो. त्याची आजी दारात खुर्ची टाकून बसली होती. तिनं एकदाच विचारलं, "बाळाचं काय चुकलं का?" तिला काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

पहाटेपर्यंत मध्ये रुपयाएवढा भाग उरला होता. उजाडलं तेव्हा तोही नव्हता.

मुलगा म्हणाला, "पण काकू, ब्लीच झालेल्या कोरलचा रंग परत येतो की." त्यानं वाचलं होतं, आणि ते खरं आहे. पाणी तापलं की कोरल आपलं शेवाळ बाहेर टाकतं, मांस पारदर्शक होतं, आतला सांगाडा दिसतो म्हणून ते पांढरं दिसतं. पण ते जिवंत असतं, आणि पाणी वेळेत थंड झालं तर शेवाळ परत वस्तीला येऊ शकतं. इथं मांसच राहिलं नव्हतं. मी त्याचं बोट धरून सांगाड्यावर फिरवलं. जिवंत कोरल बुळबुळीत लागतं, हे खरखरीत होतं. त्यानंतर तो काही बोलला नाही.

सांगाडा बाळगणंही कायद्यानं चालत नाही, हे मी त्याच्या वडिलांना सांगितलं. त्यांनी तो पिशवीत घातला. पुढं काय केलं ते मी विचारलं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माझी चालू टाकी दोन गल्ल्यांवर होती, मी ते तिच्यात का टाकलं नाही? माझी टाकी माशांची. नायट्रेट तेव्हा चाळीसच्या घरात होतं, दिवे माशांपुरते. अर्धं मेलेलं कोरल तिथं वाचलं नसतं. हे उत्तर बरोबर आहे आणि मी ते प्रत्येकाला दिलं आहे. पण त्या खोलीत उभी असताना माझ्या डोक्यात आधी नायट्रेट आलं नव्हतं. आधी आलं ते हे, की ते माझ्या दारातून आत गेलं तर ते माझं होतं, माझ्या नावावर गुन्हा होतो. नायट्रेट नंतर आठवलं. दोन्ही कारणांचा निर्णय एकच निघाला म्हणून मला आजवर सोपं गेलं. टाकी कोरलची असती, पाणी योग्य असतं, तर मी काय केलं असतं? सिंगापुरात मी विचारसुद्धा न करता ते वेगळ्या टाकीत घेतलं असतं.

सिंगापुरातली मी फार ठामपणे बोलायचे. म्हणायचे, घरातल्या टाक्या हा समुद्रावरचा भार नाही, उलट आधार आहे. बर्लिनच्या डिट्रिख श्ट्यूबर यांनी वाढवलेल्या अ‍ॅक्रोपोराच्या फांद्या तुटत, वाटल्या जात युरोपभरच्या टाक्यांत गेल्या, त्यासाठी दरवेळी समुद्राला हात लावावा लागला नाही. लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये टाकीतच ऋतू आणि चांदणं दिव्यांनी उभं करून अ‍ॅक्रोपोराचं प्रजनन घडवलं गेलं. 2024 साली जगभर पुन्हा मोठं ब्लीचिंग झालं, लक्षद्वीपलाही झालं. अशा वेळी कोरल वाढवायचं ज्ञान जितक्या जास्त हातांत असेल तितकं बरं, असं ती मी म्हणाली असती. आणि मला तिचं खोडून काढता येत नाही. माझ्या स्वतःच्या टाकीतल्या फांद्या मी तिथल्या कितीतरी लोकांना कापून दिल्या आहेत.

पण तिच्या दारात कधी घाट चढून आलेली बादली आली नव्हती. तिथं कोरल परवान्याचा कागद घेऊन दुकानात यायचं. टाकीत वाढलेला फ्रॅग (कापलेली फांदी) आणि समुद्रातून तोडलेला तुकडा यांत फरक करायची सोय होती. इथं मी माझ्या टाकीत एक सुंदर जांभळी फांदी ठेवली, तर ती बघून जाणाऱ्या दहा जणांतला एक मालवणच्या रस्त्याला लागेल. त्या मुलानंही फोटोच बघितले होते, माझ्याच फोनवरचे. म्हणून कायदा आहे तो बरोबर आहे असं मी म्हणते. आणि त्याच दमात हेही म्हणते, की टाकीत पिढ्यानपिढ्या वाढलेल्या कोरलसाठी नोंदणीची काहीतरी वाट काढायला हवी. आज ज्याला प्रामाणिकपणे वाढवायचंय तो हात बांधून बसलाय आणि बादल्या चालूच आहेत. ही दोन्ही वाक्यं एकमेकांना धरून बसत नाहीत, हे तुमच्यापैकी एकानं मला तोंडावर सांगितलंय. मला अजून त्याला उत्तर देता आलेलं नाही.

नवरा म्हणतो, उद्या परवानगी मिळाली तर तू पहिल्या दिवशी दिवे मागवशील. मागवीन. मग फोटो कुणाला दाखवायचे आणि कुणाला नाही, हे कोण ठरवणार? तेही मला ठाऊक नाही.

तो मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे. त्याची दोन फुटी टाकी अजून चालू आहे, माशांची. सुट्टीत आला की तिच्या पाण्याची बाटली घेऊन येतो, आम्ही नायट्रेट बघतो. तुम्हीही या. रविवारी सकाळी मी घरी असते. अर्धा लिटर पाणी पुरेल. बाटली साबण न लावता आरओच्या पाण्यानं विसळून आणा, टाकी कधी भरली ते लिहून आणा, आणि आदल्या दिवशी माशांना किती खायला घातलं ते खरं सांगा.